तारीख सगळ्यात शेवटी: प्राथमिक शाळेतले विज्ञान उपक्रम, सामने आणि कार्यक्रम एकमेकांवर न आदळता कसे आखायचे

सत्राच्या पहिल्या बैठकीत कुणीतरी कॅलेंडर उघडतं आणि पटापट तारखा पडतात. विज्ञान प्रदर्शन वीस तारखेला. सामनेही त्याच आठवड्यात, म्हणजे एकदम उरकतील. बक्षीस समारंभ शनिवारी. पाऊण तासात बैठक संपते आणि सगळे खूश होऊन वर्गावर जातात. मग वीस तारीख उजाडते. हॉलमधली टेबलं गुणलेखनासाठी मैदानावर गेलेली असतात, पीटीच्या सरांना शिट्टीही वाजवायची असते आणि प्रदर्शनाची रांगही लावायची असते, आणि चौथीच्या मुलांनी पेरलेल्या बियांनी अजून डोकंसुद्धा वर काढलेलं नसतं.

हा घोळ क्रमाचा आहे. तारीख आधी ठरते आणि तयारी त्या तारखेत कोंबली जाते. खालची पद्धत याच्या उलट जाते: तारीख पडते ती थेट सातव्या टप्प्यावर. शाळेत एक मैदान, एक हॉल, एकच पीटी शिक्षक आणि साधारण 14 आठवड्यांचं सत्र आहे असं धरून लिहिते आहे. तुमच्याकडे यापेक्षा जास्त असेल तर काम सोपं होईल, पण क्रम तोच ठेवा.

टप्पा 1: आधी काट मारा

एक मोठा कागद घ्या. उभे आठवडे, आडवे वार. 14 आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे 70 चौकोन. आता लाल पेनाने काट मारत जा: सुट्ट्या, घटक चाचण्या, चाचणीच्या आधीचे दोन दिवस, पालकसभा, शिक्षकांची प्रशिक्षणं, आरोग्य तपासणी, हॉल दुसऱ्या कामाला दिलेले दिवस. मोठ्या सुट्टीनंतरचा पहिला दिवसही काटा. त्या दिवशी निम्मी मुलं आलेली नसतात आणि आलेली अजून सुट्टीतच असतात.

चाळीसेक चौकोन मोकळे उरले तर नशीब समजा. कागद बघून घाबरायला होतं, आणि ते बरंच आहे. एकाच सत्रात नऊ कार्यक्रम बसवायचा उत्साह इथेच ओसरलेला परवडतो.

तपासणी: हा कागद शिक्षकांना दाखवण्याआधी कार्यालयात दाखवा. रंगकाम कधी आहे, पाण्याची टाकी कधी धुणार आहेत, कोणत्या दिवशी मैदानात वाळूचा ट्रक येणार आहे हे तिथल्या माणसांनाच माहीत असतं.

टप्पा 2: प्रत्येक कार्यक्रमाची एक चिठ्ठी

प्रत्येक उपक्रमासाठी वेगळी चिठ्ठी करा आणि तिच्यावर चारच गोष्टी लिहा: जागा, माणसं, सामान, वेळ. तारखेची जागा कोरी ठेवा.

सगळ्यात जास्त चुका वेळेच्या ओळीत होतात. हॉल 9 ते 11 हवा असं लिहिलं जातं. पण टेबलं लावायला एक तास, उचलून झाडून घ्यायला पाऊण तास, म्हणजे हॉल 8 ते पावणेबारा अडकला. त्यात परिपाठ हॉलमध्ये होत असेल तर परिपाठही गेला. म्हणून चिठ्ठीवर तीन वेळा लिहा: मांडणी, प्रत्यक्ष कार्यक्रम, आवराआवर.

दुसरी चूक माणसांच्या ओळीत. "पंच: तिसरीच्या बाई" असं लिहून आपण मोकळे होतो. त्या वेळी तिसरीचा वर्ग कुणाकडे? ज्या ज्या शिक्षकाला वर्गाबाहेर काम दिलंय, त्याच्या नावासमोर त्याचा वर्ग सांभाळणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे. ते लिहिता येत नसेल तर तो माणूस मोकळा नाही.

टप्पा 3: विज्ञान उपक्रम निवडा आणि स्वतः करून बघा

इथे घाई करू नका. सामन्यांत एखादी चूक झाली तर सामना पुन्हा खेळवता येतो, पण न उगवलेली बी पालकांसमोर उगवत नाही.

उपक्रमांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग: त्याच दिवशी होणारे. कागदावर स्केचपेनचे रंग वेगळे करणं, उंचावरून सोडलं की गरगरत खाली येणारं कागदी भिरभिरं, सोडा आणि व्हिनेगरने फुगा फुगवणं, नाण्यावर पाण्याचे थेंब मोजणं.

दुसरा ढीग: मुरणारे. बिया उगवणं, मिठाचे स्फटिक, ओल्या पावावरची बुरशी. यांची सुरुवात कार्यक्रमाच्या कितीतरी दिवस आधी होते, आणि तो सुरुवातीचा दिवसच चिठ्ठीवर लिहायचा राहून जातो.

तिसरा ढीग: उन्हावर अवलंबून असणारे. काठीची सावली दर तासाला खुणेने नोंदवणं यातलंच. ढग आले की हा उपक्रम बसला, म्हणून मुख्य दिवसाच्या भरवशावर ठेवू नका. आदल्या आठवड्यात दोन दिवस करून घ्या आणि नोंदी प्रदर्शनात लावा. सगळ्यात आखूड सावली घड्याळातल्या बाराला पडेलच असं नाही. मुलांनी ते स्वतः शोधलं तर अर्धा तास चर्चा चालते, तेव्हा आधी सांगून टाकू नका.

मुरणाऱ्या उपक्रमांसाठी उलटं मोजा. ओल्या कापसात मूग एक ते तीन दिवसांत मोडावतो. घेवड्याच्या बीला कोंब दिसायला आठवडाभर लागू शकतो, आणि दोन पानं उघडून उभं रोप दाखवायचं तर दोन आठवडे हाताशी ठेवा. म्हणजे प्रदर्शनाच्या 14 दिवस आधी पेरणी. पण हे 14 दिवस शाळेचे नाहीत, कॅलेंडरचे आहेत आणि मध्ये दोन शनिवार-रविवार येतात.

हे मी ठेच लागून शिकले. एका वर्षी आम्ही शुक्रवारी दुपारी 36 पेल्यांत कापूस भिजवला, बिया ठेवल्या, प्रत्येक पेल्यावर नाव चिकटवलं आणि पेले ओळीने खिडकीत मांडले. सोमवारी सकाळी वर्ग उघडला तेव्हा कापसाचे कडक पापुद्रे झाले होते आणि बिया त्यांना चिकटून बसल्या होत्या. खिडकी दक्षिणेची होती, दोन दिवस ऊन थेट आत येत होतं. एका मुलीने पेला कानाशी नेऊन हलवून बघितला. बी आत टकटक वाजत होती. "बाई, माझी वाजते," ती म्हणाली. तेव्हापासून पेरणी सोमवारीच. शुक्रवारी सगळे पेले सावलीत हलवायचे, एका ताटात थोडं पाणी घेऊन त्यात ओली जाड फडकी अंथरायची आणि तळाला भोकं पाडलेले पेले त्या फडक्यांवर ठेवायचे. शिवाय प्रत्येक गटाचे दोन पेले जादा, नाव न घातलेले.

आता पहिल्या ढिगातल्या उपक्रमांत मुलं नेमकी कुठे अडतात ते बघू.

रंग वेगळे करणं. गाळणकागदाची किंवा जाड टिपकागदाची पट्टी घ्या. खालच्या टोकापासून 2 सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ, त्या रेघेवर स्केचपेनचा ठिपका. पेल्यात पाणी 1 सेंटिमीटरच. पाणी ठिपक्याच्या वर गेलं की रंग कागदावर न चढता पेल्यात उतरतो, आणि दहातली सात मुलं नेमकं हेच करतात. रेघ पेनाने मारली तर तिचाही रंग पसरतो. पक्क्या शाईचा मार्कर पाण्यात हलतच नाही. काळा आणि तपकिरी स्केचपेन आदल्या दिवशी तपासा, कारण प्रत्येक काळ्यातून रंग निघतातच असं नाही.

कागदी भिरभिरं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे शिकवण्यासाठी याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. पंख लांब करायचे तर कागद तोच, खालची क्लिप तीच, सोडायची उंची तीच. चूक होते ती वेळ मोजण्यात. दोन मीटरवरून भिरभिरं एक-दोन सेकंदांत खाली येतं, आणि सात वर्षांच्या मुलाचा स्टॉपवॉचवरचा अंगठा त्यातला बराच वेळ खाऊन टाकतो. स्टॉपवॉच बाजूला ठेवा. दोन भिरभिरी एकदम सोडा आणि आधी कोणतं टेकलं ते बघा. असं पाच वेळा करून जास्त वेळा काय झालं ते लिहा.

फुग्यात सोडा. बाटलीत 50 मिलिलिटर व्हिनेगर, फुग्यात नरसाळ्याने दोन लहान चमचे खाण्याचा सोडा. फुगा बाटलीच्या तोंडावर नीट बसवून मग उभा करायचा. आधी उभा केला तर सोडा सांडतो आणि मूल रडतं. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड फुगा फुगवतो.

सावधान: सोडा-व्हिनेगरच्या बाटलीला झाकण कधीही घट्ट लावू देऊ नका. आत दाब वाढून बाटली फुटते.

निवड झाली की प्रत्येक उपक्रम स्वतः करा. नेमकं तेच सामान, तेच पेले, तेच पेन घेऊन. मग त्याच वयाच्या दोन मुलांकडून करून घ्या आणि घड्याळ लावा. तुमच्या हाताने चार मिनिटांत होणाऱ्या कामाला दुसरीतल्या मुलाला दहा मिनिटं लागतात, त्यातली तीन चिकटपट्टीचं टोक शोधण्यात जातात. पुढचं सगळं वेळापत्रक मुलाच्या वेळेवर बेता.

सावधान, या वस्तू टेबलावर येऊ द्यायच्या नाहीत: बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या, कारण गिळल्यास दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते, छोटे पण जबर ताकदीचे चुंबक, कारण दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून चिकटतात, पाऱ्याची तापमापी, उघडी ज्योत. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही हे प्रत्येक गटाला वेगळं सांगा. एकदा माईकवरून सांगून भागत नाही. कुणाला फुग्याच्या रबराची किंवा खाण्याच्या एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे का, हे वर्गशिक्षिकेकडून लेखी घ्या. बुरशीचा पाव पारदर्शक पिशवीत बंद करा आणि ती पिशवी न उघडताच टाकून द्या.

टप्पा 4: गटांचं चक्र बसवा

36 मुलं आणि 6 टेबलं असतील तर सहा-सहांचे गट. पाच टेबलांवर उपक्रम ठेवा आणि सहावं टेबल नोंदी लिहायचं आणि पाणी प्यायचं. हे "रिकामं" टेबल काढून तिथेही प्रयोग घालायचा मोह होतो. नका घालू. मागे पडलेला गट तिथेच सावरतो.

वेळ अशी: प्रत्येक टेबलावर 12 मिनिटं, म्हणजे सहा फेऱ्यांची 72. मधे पाच वेळा जागा बदलायची, प्रत्येकी 3 मिनिटं, म्हणजे 15. एकूण 87 मिनिटं. सुरुवातीच्या सूचना आणि शेवटची साफसफाई धरली तर दोन तास गेलेच. 40 मिनिटांच्या दोन तासिकांत हे बसत नाही, तीन लागतात. दोनच मिळत असतील तर टेबलं कमी करा, मिनिटं कमी करू नका.

सगळे गट एकाच दिशेने सरकतात आणि घंटा झाल्याशिवाय कुणी सरकत नाही. टेबलावरचा मोठा माणूस टेबलापाशीच थांबतो, गटाबरोबर फिरत नाही. यात उलटसुलट झालं की तिसऱ्या फेरीला दोन गट एकाच टेबलावर येतात.

टप्पा 5: सामन्यांची रचना, आधी आकडे मग चिठ्ठ्या

प्राथमिक शाळेत बाद पद्धत सोपी म्हणून निवडली जाते. आठ संघ असले तर फक्त सात सामन्यांत काम तमाम. पण त्याचा दुसरा अर्थ असा की पहिल्याच फेरीत चार संघ, म्हणजे निम्मी मुलं, एकदा खेळून घरी. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी मला हे पटत नाही. सहापर्यंत संघ असतील तर साखळी घ्या. आठ असतील तर चार-चारांचे दोन गट: प्रत्येक गटात 6, असे 12 साखळी सामने, दोन उपांत्य, एक अंतिम, एकूण 15. आठ संघांची पूर्ण साखळी 28 सामन्यांची होते. ती एका सत्रात ओढायच्या भानगडीत पडू नका.

साखळी सामन्यांची संख्या काढायला संघांच्या संख्येला तिच्याहून एक कमी संख्येने गुणा आणि निम्मं करा. सहा संघ: 6 गुणिले 5, भागिले 2, म्हणजे 15.

आता जोड्या. अंदाजाने जोड्या लावल्या की शेवटी एक संघ एकाच दिवशी दोनदा खेळतो आणि दुसरा आठवडाभर बसून राहतो. त्यापेक्षा सहा कागद घ्या, 1 ते 6 आकडे घाला आणि टेबलावर दोन ओळी मांडा. वरच्या ओळीत 1, 2, 3. खालच्या ओळीत 6, 5, 4. समोरासमोरचे आकडे एकमेकांशी खेळतील. पुढच्या फेरीसाठी 1 जागेवरच ठेवायचा आणि बाकीचे पाच कागद घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक घर सरकवायचे. मिळतं ते असं:

फेरी 1: 1-6, 2-5, 3-4
फेरी 2: 1-5, 6-4, 2-3
फेरी 3: 1-4, 5-3, 6-2
फेरी 4: 1-3, 4-2, 5-6
फेरी 5: 1-2, 3-6, 4-5

पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीत प्रत्येक संघ एकदाच. पाचच संघ असतील तर 6 च्या कागदावर "विश्रांती" लिहा. त्याच्यासमोर येणारा संघ त्या फेरीत बसतो. कोणता आकडा कोणत्या वर्गाचा, हे मात्र सगळ्या कर्णधारांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर "आमचा सामना मुद्दाम पाचवीशी लावला" हे वर्षभर ऐकावं लागतं.

बाद पद्धतच घ्यायची असेल तर बायचा, म्हणजे न खेळता थेट पुढच्या फेरीत जाणाऱ्या संघांचा, हिशोब चुकवू नका. संघांच्या संख्येवर 4, 8, 16 यांपैकी जी पुढची संख्या येते, तिच्यातून संघ वजा करा. सहा संघ असतील तर 8 वजा 6, म्हणजे दोन बाय. 11 संघांना 16 वजा 11, म्हणजे पाच. सगळे बाय पहिल्याच फेरीत द्यायचे आणि तक्त्याच्या दोन्ही अर्ध्यांत वाटायचे.

तपासणी: प्रत्येक संघाचा आकडा तक्त्यात किती वेळा आला ते बोटाने मोजा. सहा संघांच्या साखळीत प्रत्येक आकडा बरोबर पाच वेळा यायला हवा.

टप्पा 6: सामन्याची मिनिटं आणि नियम, दोन्ही लेखी

सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं, संघ बदलायला सहा. एक सामना 22 मिनिटांचा, तीन सामने 66. दोन तासिकांच्या 80 मिनिटांत बसून 14 मिनिटं उरतात. डाव आठ मिनिटांचे केले आणि बदलायला सात दिली तर तीन सामन्यांना 75 मिनिटं लागतात. कागदावर तेही बसतं. प्रत्यक्षात एका मुलाच्या बुटाची नाडी तुटली की वेळापत्रक कोलमडतं.

नियमांच्या कागदावर एवढं हवंच: मैदानात किती खेळाडू, बदली कितीही वेळा चालते का, प्रत्येक मुलाने किमान किती मिनिटं खेळायचं, पंचाचा निर्णय अंतिम, आणि गुण बरोबरीत आले तर पुढे काय. शेवटचा मुद्दा नेहमी राहतो आणि भांडण नेहमी तिथेच होतं. क्रम आधीच लिहा: जिंकल्यास 2, बरोबरीत 1, हरल्यास 0. गुण सारखे असतील तर आपसातला सामना कोणी जिंकला ते बघायचं. तीन संघ अडकले तर आपसातले निकाल गोल फिरू शकतात: पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला हरवलेलं असतं. मग केलेल्या आणि झालेल्या गोलांचा फरक, त्यानंतर एकूण केलेले गोल, तरीही सुटलं नाही तर चिठ्ठी.

प्रत्येकाने किमान खेळायची मिनिटं हा नियम कागदावर नसला की बाकावरची तीच तीन मुलं पाचही फेऱ्या टाळ्या वाजवत बसतात. वर्गशिक्षकांना जिंकायची हौस मुलांपेक्षा जास्त असते, हे आपल्यातच राहू द्या.

टप्पा 7: आता तारखा

लाल काटांचा कागद पुढे घ्या आणि चिठ्ठ्या या क्रमाने चिकटवा.

आधी मुरणाऱ्या विज्ञान उपक्रमांची सुरुवात, कारण ती हलत नाही. मग विज्ञान दिवस. मग सामन्यांच्या पाच फेऱ्या, शक्यतो आठवड्यातल्या एकाच ठरलेल्या वारी, म्हणजे मुलांना तारीख पाठ करावी लागत नाही, "गुरुवारी मॅच" एवढं पुरतं. मग अंतिम सामना. बक्षीस समारंभ सगळ्यात शेवटी, आणि अंतिम सामन्याच्या किमान तीन दिवसांनंतर, कारण प्रमाणपत्रांवर नावं लिहायला वेळ लागतो आणि घाईत लिहिलेलं नाव हमखास चुकतं.

दोन फेऱ्या झाल्या की एक राखीव दिवस सोडा. पाऊस पडला नाही तर तो दिवस अभ्यासाला मिळेल, कुणाचं काही बिघडत नाही. राखीव दिवस सगळे सत्राच्या शेवटी साठवून ठेवायची चूक करू नका. पहिल्या फेरीचा बुडालेला सामना तेराव्या आठवड्यात खेळवण्यात कुणालाच रस उरत नाही.

तपासणी: कोणतेही दोन दिवस निवडा आणि विचारा: त्या दिवशी तीच जागा, तोच माणूस किंवा तेच सामान दोन ठिकाणी लागतंय का? तारखा वेगळ्या असूनही टक्कर होते. विज्ञान दिवस बुधवारी आणि सामने गुरुवारी, पण बुधवारची टेबलं गुरुवारी सकाळी मैदानावर हवी असतील तर ती बुधवारी संध्याकाळी उचलणार कोण?

टप्पा 8: सूचना

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: वार आणि तारीख जुळत नाहीत. "मंगळवार, 14" लिहिलेलं असतं आणि 14 ला बुधवार असतो. निम्मे पालक वार बघतात, निम्मे तारीख. सूचना लिहिणाऱ्याने ती तपासायची नाही, दुसऱ्याने कॅलेंडर समोर ठेवून तपासायची.

एका सूचनेत एकच कार्यक्रम. तिच्यात वार, तारीख, सुरू होण्याची आणि मुलांना घरी न्यायची वेळ, जागा, मुलाने काय घालायचं, काय आणायचं, पालकांनी यायचं की नाही, आणि शंका असल्यास कोणाला विचारायचं, एवढं हवं. मुलाला घरी न्यायची वेळ लिहायची राहिली की फाटकाशी कुणीतरी पाऊण तास ताटकळतं.

"घरी उपलब्ध असलेलं टाकाऊ साहित्य आणावे" असं लिहू नका. एक मूल काचेची बाटली आणतं, दुसरं काहीच आणत नाही. "एक लिटरची रिकामी, धुतलेली प्लॅस्टिकची बाटली, झाकण नको" असं लिहा.

पहिली सूचना दहा दिवस आधी, आठवण आदल्या दिवशी. मध्ये तिसरी पाठवू नका, कारण तिच्यात काहीतरी बदललं असेल असं समजून लोक फोन करतात. काही खरंच बदललं तर सूचनेच्या पहिल्या ओळीत "बदल" असा शब्द ठळक घाला आणि जुनी वेळही लिहा. मुलांचे फोटो काढायचे असतील तर परवानगीची ओळ याच कागदावर घ्या.

टप्पा 9: प्रत्यक्ष दिवस

पावसाचा निर्णय एकच माणूस घेतो आणि ठरलेल्या वेळी घेतो, उदाहरणार्थ सकाळी 7 वाजता. "बघू, थांबेल" म्हणत साडेनऊपर्यंत ताणलं की मैदानही जातं आणि तासिकाही.

घड्याळ सांभाळायला एक वेगळा माणूस नेमा. त्याने पंच व्हायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, पाहुण्यांशी बोलायचं नाही. त्याने घंटा द्यायची. हे काम मी एकदा मुख्याध्यापकांना दिलं होतं. दर पाच मिनिटांनी त्यांना कुणीतरी भेटायला यायचं, आणि चौथी फेरी 20 मिनिटं चालली.

मैदानावर उतरण्याआधी: फक्कीच्या रेघा आदल्या संध्याकाळी नाहीत तर त्याच सकाळी मारा. मैदानभर चालून दगड, काचा, खड्डे बघा. पाणी सावलीत ठेवा आणि मधल्या दोन मिनिटांत सगळ्यांना पाजा, तहान लागली का असं विचारत बसू नका. सामने सकाळी घ्या, दुपारच्या उन्हात नको.

सावधान: डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, चक्कर आली, उलटी झाली किंवा डोकं दुखतंय म्हणालं तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. ते "आता बरंय" म्हणालं तरी पुन्हा उतरवायचं नाही. पालकांना लगेच कळवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे झुकवायची जुनी सवय सोडा. मुलाला पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं सलग धरा, मधेच सोडून बघू नका. विज्ञानाच्या टेबलावर डोळ्यात काही उडालं तर किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच वेळी दुसऱ्याला पालकांना फोन करायला सांगा. म्हणून हॉल निवडताना नळ किती पावलांवर आहे ते आधीच बघून ठेवा.

निकाल गुणपत्रकावर दोन्ही कर्णधारांच्या सहीनेच पक्का होतो. आठ वर्षांच्या मुलाची सही म्हणजे अर्धा कागद भरून नाव असतं, भरू द्या. मैदान सोडण्याआधी मुलं मोजा, हॉल सोडण्याआधी पुन्हा मोजा.

टप्पा 10: त्याच संध्याकाळी

सामान खोक्यात भरताना आत एक कागद ठेवा: काय कमी पडलं, काय उरलं, कोणतं टेबल मागे पडलं. दोन दिवसांनी आठवून लिहिलेला कागद "सर्व छान झाले" एवढाच असतो. आमच्या खोक्यातला गेल्या वेळचा कागद असा आहे: "कात्र्या 6 पुरत नाहीत, 10 हव्यात. काळं स्केचपेन जुनंच आणणे, नवीन पाकिटातल्यातून रंग निघत नाहीत. शिट्टीची दोरी तुटली. टेबल 4 ला सारखं पाणी सांडतं, खाली पोतं टाकणे. बिया सोमवारी."